उपाशी मुलीचं काम

शाळेच्या वार्षिक कार्यक्रमात इंग्रजी नाटक बसणार होतं आणि त्यात माझ्या मुलीला मुख्य काम मिळालं. ती तेव्हा नववीत होती. मस्कतमधल्या दार्सैतच्या आमच्या फ्लॅटचं दार उघडून ती बूट न काढताच स्वयंपाकघरात आली आणि म्हणाली, "आई, आय गॉट द लीड. मॅडमनी ऑडिशन पण पूर्ण नाही घेतली. मला बघितलं आणि म्हणाल्या, बस, मिळाली मला हवी ती."

मी पोळ्या लाटत होते. "कसलं काम आहे?"

"ऑर्फन. वर्कहाऊसमधली. शेवटी ती उपाशी मरते."

"अरे वा," मी म्हणाले. पोळी तव्यावर होती, ती उलटली.

त्या वेळी तिचं खाणं जवळजवळ बंद झालं होतं. हे कधीपासून, ते मला नक्की सांगता येत नाही. पुढे डॉक्टरांनी विचारलं, नवऱ्याने विचारलं, गावाहून आईने फोनवर विचारलं, आणि प्रत्येक वेळी मी वेगळं उत्तर दिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर तिने भात सोडला, एवढं आठवतं. मग मासे. आमच्याकडे मासे म्हणजे जेवण. मत्रहच्या बाजारातून आणलेली सुरमई तळली की ही पूर्वी ओट्याशीच उभी राहून खायची. आता तुकडा ताटात पडून राहायचा. मग शाळेतला डबा तसाच परत यायला लागला. नंतर तो रिकामा यायला लागला. तो वर्गातल्या मुली खात होत्या, हे फार उशिरा कळलं.

त्याच दिवसांत ती केक करायला शिकली. शुक्रवारी सकाळी आम्ही मवालेहच्या भाजीबाजारात जायचो तेव्हा ती स्वतः केळी निवडायची, हाताने दाबून, वास घेऊन. घरी येऊन बनाना केक करायची. मला आणि सुट्टीवर आलेल्या बाबांना मोठे तुकडे कापून द्यायची आणि आम्ही खात असताना समोर बसून बघायची. "कसा झालाय? सॉफ्ट आहे ना?" स्वतः चमचाही चाटायची नाही. एसी बंद करायची, पूर्ण बाह्यांचा जाड टीशर्ट घालून बसायची. मस्कतच्या उन्हाळ्यात तिला थंडी वाजत होती.

रुवीतल्या दवाखान्यात तिला नेलं होतं. तिथल्या डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, लोहाच्या गोळ्या दिल्या, आणि या वयात मुली अशाच असतात म्हणाले. मी गोळ्या आणल्या. ती त्या घेत होती की नाही, देव जाणे.

मला भीती वाटायला हवी होती. ती वाटत नव्हती. दाताला इंजेक्शन दिल्यावर ओठ आपलाच आहे हे माहीत असतं, पण हात लावला तरी लागत नाही, तसं काहीसं झालं होतं. मी सकाळी रुवीच्या ऑफिसात जात होते, मालाच्या कंटेनरांचे मेल लिहीत होते, अर्बाब, म्हणजे आमचा ओमानी मालक, आत आला की खुर्चीतून उठून सलाम करत होते, संध्याकाळी येताना दूध आणत होते. नवरा वाळवंटातल्या साइटवर, काही आठवडे तिकडे आणि मग घरी. फोनवर तो विचारायचा, "जेवते का?" मी म्हणायचे, "थोडं थोडं."

नाटक मॅडमनीच लिहिलं होतं. व्हिक्टोरियन काळातल्या तीन-चार जुन्या कादंबऱ्यांतून प्रसंग उचलून त्यांनी ते जुळवलं होतं. वर्कहाऊसमध्ये वाढणारी एक मुलगी, तिच्याहून लहान एक मुलगा, त्यांना मारणारी जाडजूड मेट्रन, तपासणीला येणारे श्रीमंत गृहस्थ, आणि शेवटी बर्फ. मुलगी आपला पाव लहानग्याला देते आणि बर्फात मरते.

सुट्टीवर आलेल्या नवऱ्याने विचारलं, "वर्कहाऊस म्हणजे काय असतं?"

"गरिबांना ठेवायची जागा. तिथे राहायचं, पडेल ते काम करायचं, मग खायला मिळणार."

"म्हणजे लेबर कॅम्पच की."

"तिथे मुलंपण असायची. आईबापांपासून वेगळी ठेवायचे."

त्याने रिमोट हातात घेतला. "आणि खायला काय द्यायचे?"

"ग्रुएल. म्हणजे पेज."

"मग? पेज चांगलीच असते," तो म्हणाला आणि टीव्ही लावला.

त्याचं काही चुकलं नव्हतं. आम्ही दोघंही सिंधुदुर्गातले. आमच्याकडे सकाळी दहाच्या सुमारास उकड्या तांदळाची पेज घेतात, कडेला भाजलेला सुका बांगडा नाहीतर लोणच्याची फोड. शिक्षा म्हणून कोणी पेज दिलेली मी ऐकली नव्हती.

मी बी.ए.ला इंग्रजी घेतलं होतं, तालुक्याच्या कॉलेजात. सर नोट्स सांगायचे आणि आम्ही उतरवून घ्यायचो: तत्कालीन समाजातील विषमतेवर लेखकाने प्रखर प्रकाश टाकला आहे. त्यावर मला चांगले मार्क पडले होते. पुस्तकं आमच्यातल्या कोणीही उघडली नव्हती. मुलीचं नाटक ठरल्यावर मी ती फोनवर उतरवून घेतली आणि ऑफिसच्या जेवणाच्या सुट्टीत वाचायला लागले. का, ते सांगता येणार नाही. तिला मदत होईल असं मी स्वतःला सांगत होते.

त्या पुस्तकांत भूक पानोपानी आहे, पण ती बहुतेक बाहेरून दिसते. वाडगा दिसतो. पातेल्याशी उभा राहून पळीने वाढणारा माणूस दिसतो. मुलांचे खोल गेलेले डोळे दिसतात, काठ्यांसारखे हात दिसतात. टेबलाभोवती बसून, पोरांना अजून किती कमी दिलं तर चालेल याची चर्चा करणारे गृहस्थ दिसतात, त्यांच्या कोटाची बटणं पोटावर ताणलेली. लेखक त्यांची टिंगल करतो आणि ती इतकी छान करतो की ऑफिसात मला एकदा हसू आलं. पण मुलाच्या पोटात काय होतंय, ते क्वचितच सांगतो. ते मूल निर्मळ असतं. जन्मापासून मार खाल्लेलं, कोणी धड एक वाक्य बोललेलं नाही त्याच्याशी, तरी बोलतं मात्र पाद्र्याच्या घरात वाढल्यासारखं. हिसकावणारी, चोरणारी, शिव्या देणारी मुलं वेगळी असतात आणि त्यांचा शेवट वाईट होतो. आपलं मूल सोसतं. जितकं वाळत जातं तितकं चांगलं होत जातं. आणि जे अगदीच चांगलं असतं ते मरतं आणि मरताना त्याच्या चेहऱ्यावर उजेड पडतो.

एका संध्याकाळी ती टेबलाशी बसून संवाद पाठ करत होती आणि मी गवार मोडत होते. मेट्रनची वाक्यं मी वाचायची, तिची तिने म्हणायची, असं चाललं होतं. मध्येच ती थांबली.

"आई, नोटिस केलंस? या सगळ्या स्टोरीजमध्ये जे थिन असतात ते गुड असतात. फॅट सगळे बॅड. मेट्रन फॅट, तो साहेब फॅट, कुक फॅट."

"त्या मुलांना खायला मिळत नव्हतं," मी म्हणाले. "ती काय हौसेने वाळली नव्हती."

"ते माहितीये. पण त्यांना काही नको असतं. दे डोन्ट वॉन्ट एनीथिंग. आणि ती मरते ना, तेव्हा सगळे रडतात. तेव्हा त्यांना कळतं, ती किती चांगली होती."

ती हे मला पटवायला सांगत नव्हती. भूगोलातली एखादी माहिती सांगावी तसं सांगत होती. दिव्याच्या उजेडात तिच्या हातांवरची बारीक लव दिसत होती. पूर्वी नव्हती ती.

मी हातातली शेंग मोडली, शिरा काढल्या, दुसरी घेतली. "पुढचं वाक्य तुझं आहे," मी म्हणाले.

तालमीत पेजेची अडचण आली. मॅडमनी वाडग्यांसाठी ओट्स शिजवून आणायला सांगितले होते, पण ते गार झाल्यावर सिमेंटसारखे घट्ट बसले आणि चमचा उभा राहिला. पोरं हसायला लागली. पालकांच्या ग्रुपवर मॅडमनी विचारलं, काय करता येईल. मी लिहिलं की मी आणते. कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी उकड्या तांदळाची पेज केली, मिठासकट, मोठ्या थर्मासमध्ये भरली. तिचा वास घरभर पसरला होता. मुलगी खोलीतून बाहेर आली, ओट्यापासून जरा लांब उभी राहिली, आणि थर्मासचं झाकण मी लावेपर्यंत तिथेच थांबली.

"तूप नाही ना घातलंस?" तिने विचारलं.

"नाही."

मग ती तयार व्हायला गेली.

शाळेच्या हॉलमागच्या खोलीत आयांची गर्दी होती. मॅडम एकेका मुलाच्या डोळ्यांखाली काळं लावत होत्या, गालांच्या खाली राखाडी पट्टे ओढत होत्या. गुबगुबीत मुलांना भुकेलं दाखवणं कठीण जात होतं. माझ्या मुलीची पाळी आली तेव्हा त्यांनी तिची हनुवटी धरून चेहरा दिव्याकडे वळवला आणि हसून म्हणाल्या, "इसको तो मेकअप की ज़रूरत ही नहीं." सगळ्या हसल्या. तीही हसली. बहुतेक मीही हसले असेन, कारण एका बाईने माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

नाटक छान झालं. ती छान करत होती. बाकीच्या मुलांचे आवाज मागच्या रांगांपर्यंत पोचत नव्हते, तिचा पोचत होता, आणि ती मोठ्याने बोलतही नव्हती. जेवणाच्या प्रसंगात सगळी पोरं बाकावर ओळीने बसली आणि माझी पेज वाडग्यांत वाढली गेली. लहान मुलं खरोखरच भुरके मारून प्यायली, नाटक विसरून. ती चमचा तोंडापर्यंत न्यायची, डोळे मिटायची, घोट गिळल्यासारखा गळा हलवायची. प्रेक्षकांना कळण्यासारखं नव्हतं. मला तो चमचा माहीत होता. तसाच भरलेला खाली जायचा.

मग बर्फ पडला, थर्माकोलचा. तिने पाव लहानग्याच्या हातात दिला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि पायरीवर डोकं टेकलं. वर निळा दिवा लावला होता. शेजारची बाई रुमालाने डोळे पुसत होती. "किती नॅचरल करते हो तुमची मुलगी," ती मराठीतच म्हणाली. नवरा साइटवर होता, त्याला दाखवायला म्हणून मी फोनवर चित्रण करत होते. माझा हात अजिबात हलला नव्हता. ते चित्रण आजही फोनमध्ये आहे, एका जागी खिळल्यासारखं.

तिला उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस मिळालं. टाळ्या थांबेनात. कितीतरी महिन्यांनी मी तिला असं हसताना पाहिलं.

मागच्या खोलीत ती कपडे बदलायला आली. गोणपाटासारख्या कापडाचा तो झगा मीच शिवला होता, मागे चेन होती. तिला हात पुरेना म्हणून मी चेन खाली ओढली. घरी ती कडी लावून कपडे बदलायची, त्यामुळे मी तिची पाठ कित्येक दिवसांत पाहिली नव्हती. पाठीच्या कण्याचे मणके एकाखाली एक वर आलेले होते आणि त्यांच्यावर खरचटल्यासारख्या खुणा होत्या. बाकावर टेकून बसल्याने कातडी सोललेली. मी चेन धरून उभी राहिले.

बाजूला दुसऱ्या मुलीची आई पिना काढत होती. मल्याळी बाई. एका मोठ्या सरकारी इस्पितळात नर्स आहे, एवढं मला माहीत होतं, कारण कधीकधी ती युनिफॉर्मवरच मुलीला न्यायला यायची. तिने आमच्याकडे पाहिलं आणि तिच्या तोंडातल्या पिना तिने हातात काढून घेतल्या.

"कितने दिन से?" तिने मला विचारलं.

"पता नहीं."

तिने माझ्या मुलीचं मनगट धरलं, जणू बांगडी बघतेय, आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिली. मुलगी हात ओढून घ्यायला लागली, पण तिने सोडला नाही.

"आंटी, आय ॲम फाइन."

"हाँ मोळे, फाइन है," ती म्हणाली, 'बाळा' म्हणावं तसं, मायेनेच. मग मला जरा बाजूला घेऊन हलक्या आवाजात बोलली, "नाड़ी बहुत धीमी है. मेरे वॉर्ड में ऐसी लड़कियाँ आती हैं. ये नखरा नहीं, बीमारी है. कल सुबह लेके आओ. मैं वहीं मिलूँगी. आओगी ना?"

"आऊँगी," मी म्हणाले. मग वाडगे गोळा करून नळाखाली विसळले. बाकी सगळे चाटूनपुसून रिकामे होते. तिच्या वाडग्यातली पेज घट्ट होऊन वर साय धरली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला घेऊन गेले. टॅक्सीत ती माझ्याशी बोलली नाही. नर्सबाई दारात उभी होती. रक्त घेतलं, छातीला तारा लावल्या, आणि दुपारपर्यंत तिला दाखल करून घेतलं. डॉक्टरीण ओमानी होती, माझ्याहून वयाने लहान असावी, डोक्याला फिक्या रंगाचा स्कार्फ. ती इंग्रजीत सावकाश बोलली. हृदय दमलंय म्हणाली. शरीर आता स्वतःलाच खातंय. इथून पुढे अन्न हेच हिचं औषध आणि औषधावर घासाघीस करायची नाही, तुम्हीही नाही, तीही नाही.

"तुम्हाला काही विचारायचंय?" तिने मला विचारलं.

मला काहीच विचारायचं नव्हतं. "पार्किंग कुठे आहे?" असं मी विचारलं. आम्ही टॅक्सीने आलो होतो.

वॉर्डात ठरल्या वेळी ट्रे यायचा. भात, कोंबडी, ताक, खजूर. नर्स खुर्ची ओढून समोर बसायची आणि ट्रे रिकामा होईपर्यंत उठायची नाही. माझी मुलगी त्या ट्रेकडे बघून रडायची. "आई, प्लीज सांग ना त्यांना, थोडं कमी. हाफ. हाफ पण चालेल." नर्स मान हलवायची. मीही मान हलवायची. पुस्तकातली ती लठ्ठ माणसं टेबलाशी बसून नाही म्हणायची, तशी आम्ही दोघी बसलेल्या. फरक मला कळत होता. तिला कळत नव्हता.

नवरा साइटवरून थेट इस्पितळात आला, बुटांवर वाळू तशीच. मुलीला पाहून तो कॉरिडॉरमध्ये गेला आणि भिंतीकडे तोंड करून रडला. मी त्याला पाणी आणून दिलं.

"आपल्या घरात हिला खायला मिळत नव्हतं का गं?" तो म्हणाला. "मी कशासाठी राहिलो तिकडे वाळवंटात?"

मी रिकामा पेला त्याच्या हातातून घेतला.

"तू रडत का नाहीस?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो माझाच हात आहे हे मला बघून कळलं.

गावाहून आईचा व्हिडिओ कॉल यायचा. तिला आजाराचं नाव सांगून उपयोग नव्हता. ती नातीला म्हणायची, "काय गो, जेवलंस? पेज तरी खा गो बाय." नात मान डोलवायची. आईच्या मागे अंगणात कोंबड्या फिरताना दिसायच्या.

इस्पितळात दिवस लांब असतात. मी तिच्या पलंगाशी बसून फोनवर वाचत राहायची, दुसरं काही आणलं नव्हतं म्हणून त्याच जुन्या कादंबऱ्या. त्यातली एक फारशी कोणाला माहीत नसलेली होती, कोण्या बाईने लिहिलेली. कथा काही विशेष नाही, पण मध्येच एक प्रकरण होतं धर्मादाय शाळेतल्या मुलींचं. त्यात एक मोठी मुलगी आहे. ती प्रार्थनेच्या वेळी देवाचा विचार करत नाही, उकडलेल्या बटाट्याचा करते. एका लहान मुलीला दाराआड गाठून तिचा हात पिरगळते, तिचा पाव घेते आणि न चावता गिळते. मग त्या लहानीच्या एप्रनवर पडलेले तुकडे बोट ओलं करून टिपून खाते. लेखिका तिची टिंगलही करत नाही आणि तिला माफही करत नाही. नुसतं सांगते.

"काय वाचतेस?" मुलीने विचारलं. बऱ्याच दिवसांनी तिने आपण होऊन काही विचारलं होतं.

मी तिला ते पान वाचून दाखवलं. इंग्रजी जुनं होतं, माझे उच्चार चुकत होते. तिने सुधारले नाहीत.

"शी इज नॉट नाइस," ऐकून झाल्यावर ती म्हणाली.

"नाही."

ती छताकडे बघत पडून राहिली. हाताला सलाईन होतं. मग म्हणाली, "आई, मी पण नाहीये नाइस. तुम्हाला वाटतं मला भूक नाही लागत. लागते. ऑलवेज. शाळेत टीचर शिकवतात तेव्हा मी फूडचाच विचार करते. झोपेत पण. मी व्हिडिओ बघते ना रेसिपीजचे, ते त्यासाठी. त्या छोट्या मुलाला मी पाव दिला ना नाटकात? आय हेटेड हिम. तो खात होता म्हणून."

मी फोन पालथा ठेवला. तिला जवळ घ्यायला हवं होतं. त्याऐवजी मी विचारलं, "काय काय आठवतं?"

"काय?"

"खायचं. काय आठवतं?"

मग एकेक यायला लागलं. बांगड्याचं तिखलं आणि गरम भात. सुरमईची तुकडी, कडेची, जिथे रवा जास्त लागतो ती. गल्लीतल्या कॅफेटेरियातला चिप्स घालून गुंडाळलेला पराठा. आजीकडचं आंब्याचं साठ. मराठीत नाव आठवलं नाही की हाताने आकार करून दाखवत होती. ती मोजत होती असं नव्हे, ती जणू लांब राहणाऱ्या माणसांची चौकशी करत होती. बोलता बोलता चिडली. "आणि मी नाही खाऊ शकत! यू डोन्ट गेट इट! तोंडाजवळ आलं की कोणीतरी आत ओरडतं!" तिने टेबलावरचा ताकाचा पेला ढकलला. तो पडला, ताक पलंगाखाली गेलं. नर्स धावत आली. मी टिश्यू घेऊन खाली बसले आणि पुसायला लागले. पलंगाखाली वाकलेली असताना माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. रडू आलं असं वाटलं नाही. नुसतं पाणी येत होतं, ताकाबरोबर मी तेही पुसलं.

डॉक्टरणीला मी सगळं सांगितलं. ओरडली, पेला फेकला, म्हणाले. ती म्हणाली, "चांगलं झालं. गप्प मुलींची मला जास्त काळजी वाटते."

पुढचं फार लांबलेलं आणि कंटाळवाणं आहे. ती घरी आली तेव्हा बरी झालेली नव्हती. मी ऑफिसात कामाचे तास कमी करून घेतले. अर्बाबला खरं कारण सांगितलं तेव्हा तो "इन्शाल्ला" म्हणाला आणि बायकोने केलेला हलवा पाठवला. मुलीच्या प्रत्येक जेवणाला मी समोर बसायची, इस्पितळातल्या नर्ससारखी. ती मला वाट्टेल ते बोलायची. तू जेलर आहेस. आय हेट यू. ताटं फुटली. मी भात वाढायची, ती नाही म्हणायची, मी बसून राहायची. कधी भात थंड होऊन कडक व्हायचा तेव्हा मी दुसरा गरम करून आणायची. काही आठवडे पुढे जायची, मग मागे. पुन्हा एकदा दाखल करावं लागलं. दहावी एक वर्ष उशिरा झाली. मॅडमनी पुढच्या वर्षीच्या नाटकासाठी विचारलं, मी नाही सांगितलं. त्यांना वाईट वाटलं असावं.

त्या सगळ्या काळात मला काय वाटत होतं असं कोणी विचारलं तर मला सांगता येत नाही. मी काय काय शिजवलं, ते सगळं सांगता येईल.

बारावी झाल्यावर तिला पुण्याला कॉलेजात जायचं होतं. डॉक्टरीण हो म्हणाली, अटी घालून. जाण्याआधी आम्ही तिघं ओमानच्या दक्षिण टोकाला, सलालाहला गेलो. तिकडे तेव्हा भुरभुर पाऊस आणि धुकं असतं, डोंगर हिरवे होतात, सगळं ओमान तिकडे लोटतं. आम्ही सकाळपासून गाडीने फिरत होतो. नवऱ्याला एक धबधबा दाखवायचाच होता आणि तो सापडत नव्हता. शुक्रवार होता, दुपारच्या नमाजासाठी दुकानं बंद झालेली.

"बाबा, भूक लागलीय!" ती मागच्या सीटवरून ओरडली. "कधीपासून सांगतेय! तुम्हाला ऐकूच येत नाही का? नको तो वॉटरफॉल!"

नवऱ्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी पुढे बघत होते. त्याने गाडी नारळाच्या बागांशेजारी रस्त्याच्या कडेला घेतली. टपऱ्यांवर फडकी ओढलेली होती, माणसं नव्हती. आम्ही काचा खाली करून थांबलो. ती मागे कुरकुरत होती, पाय आपटत होती. बाहेर ओल्या रस्त्यावरून उंटांचा कळप सावकाश चालला होता आणि त्यांच्यामागे गाड्यांची रांग लागली होती, कोणीही हॉर्न वाजवत नव्हतं. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मला झोप आली. मी सीट मागे केली आणि झोपले.

जाग आली तेव्हा टपऱ्या उघडल्या होत्या आणि गाडीत कोळशावर भाजलेल्या मांसाचा वास होता. ती आपण होऊन खात असेल तर मागे वळून बघायचं नाही, हे डॉक्टरणीने मला फार पूर्वी शिकवलं होतं. मी समोरच्या काचेवरचं पाणी बघत बसले. मागून कागद चुरगळल्याचा आवाज आला, मग तिने बाबांना तोंड भरलेलं असतानाच काहीतरी विचारलं, आणि ते दोघं नारळ घ्यायला उतरले.